बावीस कंडिका

"दोन घोट तरी घे रे. काल दुपारपासून घशाखाली पाणी उतरलेलं नाही तुझ्या."

माई तांब्या घेऊन दाराशी उभ्या होत्या. मी आसनावर बसून उपरणे सारखे करीत होतो.

"नको माई. मध्येच उठावं लागेल."

"लागलं तर ऊठ. आभाळ का कोसळणार आहे?"

"त्याच्यापुरतं कोसळेल," शेजारच्या आसनावर मांडी घालता घालता मार्तंड म्हणाला. "रंगाचं आभाळ फार खाली आलंय हल्ली, माई. उभा राहिला की डोक्याला लागतं."

"मग तू तरी घे."

"मी पहाटेच गुपचूप घेतलंय. याच्यादेखत प्यालो असतो तर पापच लागलं असतं."

माई हसल्या नाहीत. तांब्या तसाच घेऊन त्या आत गेल्या. परीक्षेचा तो तिसरा दिवस होता, आणि सकाळचे साडेसहा वाजले होते.

या गोष्टीला आता वीस वर्षे होऊन गेली. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. गंगाखेडच्या पुढे दोन कोसांवर, गोदावरीच्या काठी आमचे गाव आणि गावात आमची लहानशी पाठशाळा. वेदमूर्ती नरहरशास्त्री हे आमचे गुरुजी. माई त्यांच्या पत्नी. मार्तंड व मी आठव्या वर्षी एकाच दिवशी गुरुजींच्या पायांशी येऊन बसलो होतो. मी लग्न केले नाही, पाठशाळेतच राहिलो. मार्तंडाने संसार केला. परंतु सूर्योदयाला तो माझ्या शेजारच्या आसनावर नाही, असे तेहतीस वर्षांत क्वचितच घडले.

मंत्रातील पदे ओळीने सरळ म्हणावयाची, ती संहिता. ती बाळपणीच मुखात बसते. तीच पदे पुढे, मागे, पुन्हा पुढे अशी गुंफीत, एकही स्वर ढळू न देता म्हणावयाची, तो घन. त्याला माणसाची उमेदीची वर्षे द्यावी लागतात. आम्ही ती दिली होती. घनाची सनद मिळाल्यावाचून आमच्या पाठशाळेचा अधिकार कोणाकडे जात नसे. आणि गुरुजी एकोणऐंशी वर्षांचे झाले होते. "ही माझ्या हातची शेवटची परीक्षा," असे त्यांनी पाडव्यालाच सांगितले होते. आम्हां दोघांनंतर घन शिकणारे कोणी उरलेही नव्हते.

परीक्षेचे नियम जुने आणि कडक होते. दोघांनी जोडीने म्हणावयाचे. दोन आवाज एक होऊन चालले पाहिजेत. एकाचा आवाज थांबला की दुसऱ्याने त्याच पदावर थांबावयाचे आणि दोघांनी ती कंडिका, म्हणजे मंत्रांचा तो लहानसा खंड, पहिल्यापासून घ्यावयाची. सबंध परीक्षेत असे थांबणे तीनदा झाले की परीक्षा संपली. हाती घेतलेला अध्याय पुरा होईतो आसन सोडावयाचे नाही. सोडले तर पुन्हा स्नान आणि पुन्हा तोच अध्याय आरंभापासून. मंत्राखेरीज एक अक्षर मुखातून गेले की तो दिवस बाद. आणि परीक्षक आमच्याकडे पाठ करून बसत. शिष्याचे तोंड दिसले की माया आड येते, म्हणून त्याची केवळ वाणी ऐकावयाची.

तीन थांब्यांपैकी दोन आम्ही पहिल्या दोन दिवसांतच खर्चून बसलो होतो. दोन्ही माझ्यामुळे. म्हणूनच मी पाणी पीत नव्हतो. आसन सोडावे लागू नये, ही एकच गोष्ट माझ्या हातातली आहे, असे मला वाटत होते.

गुरुजी आले, आमचा नमस्कार घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस आणि खांद्यावरची शाल, एवढेच आम्हांला दिसत होते. आम्ही आरंभ केला.

पहिले दोन तास फार सुंदर गेले. एखाद्या दिवशी वाणी अशी लागते की आपण म्हणत नाही, कोणी आपल्याकडून म्हणवून घेते आहे असे वाटते. घनात श्वास लांबवावा लागतो. छातीत भरून घेतलेली हवा पोटाच्या जोरावर शेवटच्या पदापर्यंत पुरवावी लागते. कपाळाच्या शिरा तटतटतात. मार्तंडाने श्वास घेतला की माझा आवाज चालू असे, मी घेतला की त्याचा. त्यामुळे ऐकणाऱ्याला कोठेही खंड लागत नसे. साखर कारखान्याचा नवाचा भोंगा झाला. त्यानंतरची तिसरी कंडिका संपली आणि चौथी सुरू झाली.

तो मंत्र मी येथे लिहीत नाही. तो म्हणण्याचा आहे, गोष्टीत घालण्याचा नव्हे.

तिसऱ्या पदापाशी माझी जीभ अडखळली. क्षणभरच, लगेच ती सावरली. परंतु स्वर दाखवणारी माझ्या उजव्या हाताची बोटे मांडीवर पडून राहिली होती. ती माझी नव्हेत, कोणी विसरून तेथे ठेवली आहेत, असे वाटले. मी पुढची पदे घेतली, आणि घेता घेता आवाज गेला. ओठ हलत होते, श्वास येत होता. शब्द मात्र नव्हता.

मार्तंडाला ते त्याच क्षणी कळले. त्याने थांबावयास हवे होते. तो थांबला नाही. त्याने आवाज चढवला.

प्रथम मला वाटले की ही घटकाभराची अडचण आहे. पुढच्या कंडिकेत माझा आवाज येऊन त्याच्या आवाजाला मिळेल. पुढची कंडिका आली आणि गेली. मग त्याच्या पुढचीही. तेव्हा मी भ्यालो. मंत्र मला समोर दिसत होता, त्याचे प्रत्येक पद मी ओळखत होतो. पण पदे फिरवून गुंफावयाला गेलो की हातातून मणी सांडावेत तशी ती सांडत होती. उजवा पाय मांडीखाली होता की नव्हता, कळत नव्हते. मी ओरडलो. निदान ओरडण्याचा यत्न केला. घशातून कण्हण्यासारखे काही निघाले, आणि मार्तंडाचा भरदार स्वर त्याच्यावरून वाहून गेला.

मी डाव्या हाताने त्याचे उपरणे ओढले. त्याने माझ्याकडे न पाहताच माझ्या हातावर हात ठेवला, दोनदा थोपटले आणि तो म्हणत राहिला. भिऊ नकोस, मी आहे, असे ते थोपटणे सांगत होते. मी पुन्हा ओढले, त्याने पुन्हा थोपटले. दोघांचे श्वास तो एकटा भरून काढीत होता. तोडून तोडून, चोरून श्वास घेत होता, की गुरुजींच्या कानी खंड पडू नये. घामाने त्याची छाती न्हाली होती. त्या स्वराच्या आत मी कोंडला गेलो होतो. चार हातांवर गुरुजींची पाठ होती. ती पाठ एकदा वळली असती तर सगळे संपले असते. ती वळली नाही.

किती वेळ गेला ते मला तेव्हा सांगता आले नसते. माई तुळशीचे तबक घेऊन आल्या. त्या परीक्षक नव्हत्या; त्यांना पाठ करून बसण्याचा नियम नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तबक हातातून सुटले.

"अहो, उठा आधी! रंगनाथाचं तोंड बघा कसं झालंय!"

गुरुजी वळले. मार्तंडाच्या तोंडून आणखी अर्धे पद निघाले आणि तो थांबला. भिंतीवर घड्याळ नव्हते. पण बाहेर पावणेअकराची परभणीची बस हॉर्न देत होती, हे मला आजही ऐकू येते.

बसने नेण्याची माझी अवस्था नव्हती. गावातल्या एकाची जीप मिळाली. "देवा, घट्ट धरा महाराजांना, रस्ता लई वंगाळ हाय," असे सांगून त्याने ती पिटाळली. गुरुजी पुढे बसले. मागे माझे डोके मार्तंडाच्या मांडीवर होते. प्रत्येक खड्ड्याला माझा उजवा हात बाकावरून खाली पडे आणि मार्तंड तो उचलून पुन्हा माझ्या छातीवर ठेवी.

तो खाली वाकला आणि माझ्या कानाशी बोलला. "रंगा, कुणाला कळलेलं नाही. कुठेही खंड पडला नाही. तू पडेपर्यंत आपण दोघं म्हणत होतो, असंच मी सांगेन. तू फक्त बरा हो."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. दुसरे काही मला करता येत नव्हते.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर मुजावर नावाच्या बाई होत्या. हृदयरोगाच्या तज्ज्ञ; वयाने पस्तिशीच्या, बोलणे थोडके आणि नेमके. त्यांनी मला हात उचलावयास सांगितले, जीभ दाखवावयास सांगितले, डोळ्यांत दिवा पाडून पाहिले. मग मला एका यंत्राच्या पोकळीत सरकवले. आत डोके हलवावयाचे नव्हते. मला त्या सूचनेचे हसू आले असते, जर हसता आले असते.

बाहेर काढल्यावर त्या मार्तंडाला म्हणाल्या, "मेंदूत रक्तस्राव नाही. रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळवणारं इंजेक्शन आहे आपल्याकडे, पण ते तीन तासांच्या आतच द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही. म्हणून नीट आठवून सांगा. हे शेवटचे पूर्ण बरे कधी होते?"

"पावणेअकरा," मार्तंड म्हणाला.

"नक्की?"

"आम्ही दोघं म्हणत होतो ना. परीक्षा होती. म्हणता म्हणताच…"

"तोवर एकही शब्द अडला नाही?"

मार्तंडाने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी खिडकीपाशी उभे होते.

"नाही," मार्तंड म्हणाला.

मी मान हलवावयाचा यत्न केला. डॉक्टरबाई लगेच माझ्यावर वाकल्या. "काही सांगायचंय? हे बरोबर सांगताहेत?"

मला 'नाही' म्हणावयाचे होते. त्या दोन अक्षरांसाठी मी सगळे बळ एकवटले, आणि माझ्या तोंडातून बाहेर पडले, "हो."

मी हादरलो. पुन्हा यत्न केला. "हो. हो."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. घड्याळ पाहिले. "साडेबारा. दोन तासही झालेले नाहीत. सिस्टर, इंजेक्शन भरा."

आजवर मी अनेकदा विचार केला आहे की कोंडले जाणे म्हणजे काय. भिंती लागत नाहीत. 'नाही' म्हणावयाला जावे आणि आपल्याच मुखाने 'हो' म्हणावे, एवढे पुरे होते. सिस्टर औषधाची कुपी हातात घेऊन ती हलकेच फिरवीत होत्या. त्यांच्या पलीकडे मार्तंडाचा चेहरा होता. तो मला वाचवीत होता. सकाळपासून तो मला वाचवीतच होता.

मला काही युक्ती सुचली असे म्हणणे खरे होणार नाही. भीतीने लहान मूल जे करते ते मी केले. आठव्या वर्षी शिकलेले मुखातून निघाले. तोच मंत्र. घनात नव्हे, साध्या संहितेत. पहिले पद स्वच्छ निघाले. दुसरे निघाले. तिसरेही निघाले. मी स्वतःच चकित झालो, आणि तेथे थांबलो. ज्या पदापाशी सकाळी जीभ अडखळली होती, नेमका तेथे.

"देवाचं नाव घेतायत महाराज," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरबाईंच्या भुवया वर गेल्या. "बोलता येत नाही, आणि हे येतं? होतं असं कधी कधी. लहानपणी पाठ केलेलं वेगळ्या वाटेनं बाहेर येतं."

मी पुन्हा पहिल्यापासून म्हटले. तिसरे पद, थांबलो. पुन्हा पहिल्यापासून. तिसरे पद, थांबलो. आता मी मार्तंडाच्या डोळ्यांत पाहत होतो.

"सवय आहे त्याची," मार्तंड म्हणाला. पण त्याचा आवाज त्याचा राहिला नव्हता.

सिस्टरांनी माझ्या डाव्या दंडावर पट्टा आवळला. मी चौथ्यांदा म्हटले. पहिले पद, दुसरे, तिसरे. आणि थांबलो. 

"डॉक्टर, थांबा," मार्तंड म्हणाला. "ते नका देऊ. मी खोटं बोललो."

"काय खोटं?"

"हा तिथे थांबला होता. आता थांबतोय ना, तिथेच. त्यानंतर एक शब्द याच्या तोंडून गेलेला नाही. पुढचं सगळं मी एकट्यानं म्हटलं. याची सनद जाईल म्हणून."

"किती वाजता?"

"घड्याळ नव्हतं हो तिथे. मला… खूप आधी. मला सांगता येत नाही."

"अंदाज नको मला. अर्ध्या तासाचा फरकसुद्धा—"

"नवाच्या भोंग्यानंतरची चौथी कंडिका," खिडकीपाशी उभे असलेले गुरुजी बोलले. ते वळले नव्हते. "तिथून तुमच्या माईंची हाक येईपर्यंत बावीस कंडिका झाल्या. एकेक चार मिनिटांची. मार्तंडाची लय ढळत नाही."

डॉक्टरबाईंनी ओठांतल्या ओठांत गुणाकार केला. "अठ्ठ्याऐंशी मिनिटं. म्हणजे सव्वानऊ." त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिले आणि सिस्टरांच्या हातातले इंजेक्शन घेऊन ट्रेमध्ये ठेवले. "सव्वातीन तास होऊन गेले. हे आता देता येणार नाही. देवाची कृपा म्हणा, दिलं नाही."

मार्तंड गुरुजींकडे पाहत होता. "गुरुजी, तुम्ही मोजत होता?"

"मी पाठ करून बसलो होतो. कान बंद करून नव्हे." आता ते वळले. इतके वृद्ध ते मला त्या दिवसापूर्वी कधी दिसले नव्हते. "बावीस कंडिका मी एकच आवाज ऐकला. वाटलं, पोर विसरलंय. आणखी एक कंडिका जाऊ द्यावी, आठवेल त्याला. मग आणखी एक."

"मग थांबवलं का नाहीत?"

"तू का नाही थांबलास?"

 गुरुजी माझ्या खाटेशी आले आणि माझा निर्जीव उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "सनद कुणालाही नाही," ते म्हणाले. "या परीक्षेत परीक्षक आधी अनुत्तीर्ण झाला."

इंजेक्शनावाचून जे बरे व्हावयाचे ते सावकाश झाले. चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. शब्द मात्र येत नव्हते. माझे हृदय, रक्तदाब, साखर, मानेतल्या रक्तवाहिन्या, सगळे तपासले आणि सगळे निर्दोष निघाले. एवढ्या निर्दोष माणसाच्या मेंदूत गुठळी आली कोठून, या विचाराने डॉक्टरबाई बेचैन होत्या. नवव्या दिवशी त्यांनी मला पुन्हा एका अंधाऱ्या खोलीत निजवले, छातीवर यंत्र टेकवले आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"सलाइनमध्ये बारीक बुडबुडे करून ते हाताच्या शिरेतून सोडणार आहे. ते हृदयाच्या उजव्या बाजूला येतील आणि फुफ्फुसात गाळले जातील. डावीकडे एकही दिसता कामा नये. मी सांगितलं की श्वास कोंडून पोटातून जोर लावायचा, आणि मग एकदम सोडायचा. जमेल?"

"ते त्याला नाही जमणार तर कुणाला?" कोपऱ्यातून मार्तंड म्हणाला. नऊ दिवस तो तेथून हलला नव्हता.

मी श्वास भरला, कोंडला, जोर लावला. घनाच्या दीर्घ पदाला लावावा तसा. पडद्यावरचा उजवा कप्पा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेला. "सोडा," त्या म्हणाल्या. मी श्वास सोडला, आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातून पाच-सहा, मग दहा-बारा ठिपके डाव्या बाजूला निसटले.

"मिळालं," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी जे समजावले ते असे. आईच्या पोटात बाळाची फुफ्फुसे चालत नसतात. म्हणून रक्त जावयाला हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेचे दार असते. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की ते दार मिटते आणि पुढे बहुतेकांचे जुळून जाते. शंभरातल्या पंचवीस जणांचे ते पुरते जुळत नाही.

"पंचवीस?" मार्तंड ओरडलाच.

"हो. माझंही उघडं असेल, तुमचंही असेल. बहुतेकांना जन्मात कळत नाही, आणि काही बिघडतही नाही. पण यांनी तीन दिवस मांडी मोडली नाही, शेवटी तर पाणीही घेतलं नाही. रक्त घट्ट झालं, पायाच्या शिरेत बारीक गुठळी धरली. एरवी ती फुफ्फुसात अडकून विरली असती. जोर लावून श्वास सोडताना हे दार किलकिलं झालं आणि ती डावीकडे गेली. तिथून मेंदूत. शंभर टक्के असंच झालं, हे मी लिहून देणार नाही. पण दुसरं कारण मला सापडलेलं नाही."

"म्हणजे जन्मापासूनच होतं याच्यात," मार्तंड म्हणाला. "आम्ही काही केलं नसतं तरीही…"

"दार जन्मापासून होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुमचं तुम्हाला ठाऊक."

त्याने मान खाली घातली. मला त्या क्षणी त्याला एक गोष्ट सांगावयाची होती. ती माझ्या ओठांपर्यंत आली आणि, "हो, हो," एवढेच झाले. त्याला वाटले, मी डॉक्टरांना दुजोरा देतो आहे.

ते दार बंद करावे, की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर राहावे, यावर त्या काळी वैद्यांतही एकमत नव्हते. डॉक्टरबाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि निवड माझ्यावर सोपवली. मी बंद करण्याच्या बाजूला बोट दाखवले. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन बसवलेली जाळीची लहानशी चकती आज माझ्या हृदयात आहे. तिच्यावर आता माझेच मांस चढले आहे. उजवा पाय थोडा ओढत चालतो. संहिता मी आजही शिकवतो. घन परत आला नाही.

सांगावयाचे राहिले आहे ते हैदराबादचे. चकती बसवण्यासाठी मार्तंडानेच मला तेथे नेले. आघाताला अकरा आठवडे झाले होते. तोवर मला तुटक बोलता येऊ लागले होते. लहान वाक्ये, शब्दांमध्ये मोठाल्या फटी. सकाळची वेळ होती. रुग्णालयाचा हिरवा झगा घालून मी खाटेवर बसलो होतो, आणि मार्तंड झग्याच्या मागच्या नाड्या बांधीत होता.

"बैलाला झूल घातल्यासारखा दिसतोस," तो म्हणाला.

"मार्तंडा. एक सांगायचं आहे."

"नंतर सांग. दमशील."

"त्या दिवशी. जीभ अडली. मग… सुटली. सुटल्यावर मी… तुझा गुडघा दाबला. दोनदा."

नाड्या बांधणारे हात थांबले. लहानपणी गुरुजींसमोर एखाद्याला पाठ आठवेना झाला की तो शेजाऱ्याचा गुडघा दोनदा दाबी. याचा अर्थ होता, तू चालू ठेव, मला सांभाळून घे.

"तेव्हा… बोलता येत होतं मला," मी म्हणालो. "'थांब' म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं. मला सनद हवी होती."

"ठाऊक आहे," मार्तंड म्हणाला. "गुडघा माझाच होता ना."

"मग डॉक्टरांना… गुरुजींना… सांगितलं का नाहीस? अकरा आठवडे सगळं… आपल्या माथी घेतलंस."

"तुला बोलता येत नव्हतं रंगा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याविषयी काय सांगायचं?"

मी त्याच्याकडे पाहिले. त्याला आपण काही विशेष केले असे वाटतच नव्हते.

"फोन लावून दे," मी म्हणालो. "गुरुजींना."

"आत्ता? आत न्यायला येतील तुला. मी परत गेल्यावर सांगतो त्यांना, हवं तर."

"तू नाही. मी."

त्याने मला बाहेरच्या मेजापाशी नेले, फोन लावला आणि माझ्या डाव्या हातात दिला. पलीकडे माईंनी गुरुजींना हाक मारली. त्यांच्या काठीचा आवाज जवळ आला.

"बोल बाळ," ते म्हणाले.

"गुरुजी. त्या दिवशी मार्तंडाला मी…"

आणि शब्द गेला. तो मला दिसत होता, जिभेच्या टोकाशी होता, पण येत नव्हता. पलीकडे गुरुजींचा श्वास ऐकू येत होता. मार्तंड माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याला तो शब्द ठाऊक होता. त्याचे ओठ विलगले. तेहतीस वर्षांची सवय त्याच्या गळ्यापर्यंत आलेली मला दिसली. मग त्याने ओठ मिटून घेतले, घट्ट, आणि मला लागेल तितका वेळ तो थांबून राहिला.